वऱ्हाडपांडे बाईंची अफू

डॉ. शकुंतला वऱ्हाडपांडे अपघात विभागात शिरल्या की आधी पेशंटचे पाय धरायच्या. अक्षरशः धरायच्या. बाकीचे डॉक्टर नाडी बघतात, डोळ्यांत टॉर्च मारतात, कुणी बीपीच्या मशीनकडे धावतं. बाई सरळ स्ट्रेचरच्या दुसऱ्या टोकाला जायच्या, चप्पल, बूट, मोजा जे असेल ते काढायच्या आणि हाताची मागची बाजू पायाच्या अंगठ्याला लावून उभ्या राहायच्या. आई पोराचा ताप बघते तशा. अंगठा गार लागला की समजायचं, रक्त कमी पडतंय आणि शरीर हातापायांचं तोडून काळजाला पुरवतंय. "मशीन आकडा सांगते, अंगठा खरं सांगतो," असं त्यांचं म्हणणं.

पुण्या-मुंबईत हे खपून गेलं असतं. भोपाळला नाही. इथे गावाकडच्या घरांत लेकीबाळींनी कुणाच्या पायाला हात लावायचा नसतो, उलट म्हातारेच लेकीच्या पाया पडतात. एकदा बस उलटून आलेला सागरकडचा एक आजोबा अर्धवट शुद्धीत पडला होता. बाईंचा हात लागताच त्यानं दोन्ही पाय झटक्यात पोटाशी घेतले. "अरे बिन्नू, हमाए पाँव नें छुओ, हमें पाप लगहै!"

बाई म्हणाल्या, "वा! दोन्ही पाय हलतात. कंबर शाबूत आहे," आणि पुढच्या स्ट्रेचरकडे गेल्या.

दुसरा प्रसंग याहून अवघड. एका माणसाला नातेवाइकांच्या देखत आत घेतलं, आणि एवढी पिकल्या केसांची डॉक्टरीण बाई त्याच्या पायाशी वाकलेली पाहून त्याच्या बायकोला वाटलं, आटोपलं सगळं, मॅडम अखेरचं दर्शन घेतायत. तिनं असा हंबरडा फोडला की बाहेरचे दहा जण तिच्या सुरात सूर मिसळून रडू लागले. त्या गलक्यानं पेशंट जागा झाला आणि काळजीनं विचारू लागला, "कौन चला गया, भैया?" त्या दिवसापासून बाई वाकता वाकता खणखणीत आवाजात सांगायच्या, "हैं, अभी हैं!" वॉर्डबॉयपासून सुपरिंटेंडेंटपर्यंत सगळे मागे त्यांची नक्कल करायचे. समोर करायची कुणाची छाती नव्हती.

त्या भूलतज्ज्ञ होत्या आणि मी सर्जन. बरखेड्याच्या वसाहतीजवळ आमचं इस्पितळ. मी पुण्याहून 'दोन वर्षं बघू' म्हणून आलो होतो आणि इथेच पांढरा झालो. ऑपरेशनच्या टेबलावर सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांच्यामध्ये एक हिरवा पडदा असतो. पेशंटचं डोकं त्यांच्याकडे, उरलेला पेशंट माझ्याकडे. इतकी वर्षं मी बाईंना त्या पडद्याच्या वरून पाहिलं: जाड भिंगांचा चष्मा, कपाळावर बारीकशी टिकली आणि माझ्यावर रोखलेले दोन संशयी डोळे. सर्जन लोकांविषयी त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. "तुम्ही लोक नळ दुरुस्त करून राहिले. टाकीत पाणी आहे का नाही, ते मी बघते," असं त्या अस्सल नागपुरी हेल काढून म्हणायच्या. आणि मी जरा रेंगाळलो की, "सर्जनसाहेब, नक्षीकाम नंतर करा न बाप्पा."

वऱ्हाडपांडे हे आडनाव भोपाळच्या जिभेला पेलण्यातलं नव्हतं. लोकांनी पुढचा भाग काढून टाकला आणि त्यांची 'पांडे मैडम' केली. उत्तर प्रदेशातले पांडे लोक हक्कानं गावाची चौकशी करायला यायचे. बाईंची त्यालाही हरकत नसायची. "वऱ्हाड मागे राहिलं, पांडे तेवढे पोचले," म्हणून स्वतःच हसायच्या. त्यांचे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून इकडे आले तेव्हा बाई कडेवर होत्या. पुढे वडिलांची बदली मंदसौरला झाली, तीही अफूच्या खात्यात. त्यामुळे बाईंचं बालपण खसखशीच्या शेतांत गेलं. सकाळी बोंडाला चीर दिलेली असते, त्यातून पांढरा चीक येतो, तो सुकून तपकिरी होतो, हे त्या अशा रंगवून सांगायच्या की ऐकणाऱ्याला गुंगी यावी. पोपट बोंडं खाऊन फांदीवर डुलत बसत आणि लहानगी शकुंतला त्यांना टाळ्या वाजवून उडवायला बघे. एकही पोपट उडत नसे.

"तेव्हापासून ठरवलं," त्या म्हणायच्या, "की हे काय चीज आहे ते मी पाहीन." आणि खरंच, सगळं आयुष्य त्यांनी त्या एका चिकामागे घातलं. मॉर्फिन आणि त्याची सगळी भावंडं ही त्यांची घरची माणसं असल्यासारखी होती. कुणाचा स्वभाव तापट, कुणाचा उशिरा उतरणारा, कोण म्हाताऱ्यांना सोसत नाही, सगळं तोंडपाठ.

रक्तस्राव झालेल्या माणसाला हे औषध द्यायचं म्हणजे मोठी जोखीम असते. रक्त कमी झालेलं शरीर नसा आवळून कसंबसं प्रेशर टिकवून धरतं. त्यात अफूच्या जातीचं औषध भसकन दिलं तर ती आवळलेली मूठ सुटते आणि प्रेशर कोसळतं. म्हणून पुष्कळ ठिकाणी सरळ हात वर करतात. रक्त जातंय ना, मग दुखण्याचं इंजेक्शन नाही. माणूस ओरडत राहतो. ओरडतोय म्हणजे जिवंत आहे, असा आपला हिशेब.

आमचा ज्युनियर डॉक्टर तिवारी या पंथाचा होता. हुशार, चपळ आणि बीपीच्या मशीनवर अपार श्रद्धा. एकदा स्कूटरनं उडवलेली एक बाई आली, प्लीहा फाटलेली, पोटात रक्त साचलेलं. रक्ताची बाटली लावली होती, मी हात धूत होतो, आणि ती बाई गळा फाडून किंचाळत होती. तिवारी म्हणाला, "मैडम, पेनकिलर मत दीजिए, बीपी गिर जाएगा."

"तो चीख के दम पे बीपी रखोगे?" बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून मराठीत, "हे घर पेटवून शेकोटी करणं झालं. बोला काही तरी तुमच्या चेल्याला."

आणि त्यांनी दिलं. पण कसं दिलं ते पाहायला हवं होतं. एवढंसं औषध, मग थांबायचं. अंगठ्याला हात, डोळे तोंडावर. पुन्हा एवढंसं. त्या किंचाळण्याचं हळूहळू कण्हणं झालं, कण्हण्याचा लांब उसासा झाला, आणि प्रेशर जागचं हललं नाही. ती बाई स्पष्ट म्हणाली, "अब ठीक है, दीदी." तिवारीला त्या एवढंच म्हणाल्या, "बेटा, सब्जी में नमक डाल सकते हैं, निकाल नहीं सकते. चुटकी से डालो, चखो, फिर डालो."

मी त्या वेळी ओले हात तसेच वर धरून उभा होतो. मला गाणं कळत नाही, पण मोठा गवय्या सूर लावतो तेव्हा न कळणाऱ्याच्या अंगावरही काटा येतो म्हणतात. तसंच काहीसं झालं.

पण बाईंचं खरं प्रेम अफूवर नव्हतं, तिच्या उताऱ्यावर होतं.

हे प्रकरण त्यांनी मला चहाच्या वेळी कटलेट चावत चावत समजावलं होतं. अफू दोन ठिकाणी पिकते. एक मंदसौरला आणि दुसरी आपल्या डोक्यात. माणसाला मोठी इजा झाली, रक्त वाहू लागलं, की शरीर स्वतःच आपली अफू सोडतं. म्हणून कधी कधी हात तुटलेला माणूस शांतपणे विचारतो, माझी सायकल कुठे आहे? पण काहींना शंका आली की ही घरची अफूच प्रेशर पाडायला हातभार लावत असेल. मग तिला अडवलं तर? अडवणारं औषध आहे, नॅलोक्सोन. अफूची किल्ली ज्या कुलुपात जाते त्यात आधीच दुसरी किल्ली खुपसून ठेवायची. ती फिरत नाही, पण खरीला आत येऊ देत नाही. अफूनं श्वास थांबत आलेल्या माणसाला ते घटकेत परत आणतं.

बाई नागपूरला शिकत असताना त्यांचे एक प्राध्यापक यामागे लागले होते. रक्त गेलेल्या जनावराला हा उतारा दिल्यावर यंत्राची सुई चढताना बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. "अशी चढली," त्या कटलेट हवेत वर नेत सांगायच्या. "काही केलं नव्हतं हो. रक्त नाही, सलाईन नाही. नुसता उतारा. मी रात्रभर झोपले नाही." चष्म्याआडचे ते संशयी डोळे या एका गोष्टीच्या वेळी शाळकरी मुलीचे व्हायचे. पुढे जगात अनेकांनी माणसांवरही ते करून पाहिलं. प्रेशर थोडं चढतं, हे पुष्कळदा दिसलं. पण त्यामुळे माणसं जास्त संख्येनं घरी परत जातात, हे कुणाला पक्कं दाखवता आलं नाही. हळूहळू गोष्ट मागे पडली. बाईही त्यावर पुढे काही बोलायच्या नाहीत. मी समजत होतो, तरुणपणचं प्रेम, राहून गेलं.

मग संतोष आला.

गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या युनिटमध्ये ट्रकमधून लोखंडी पत्रे उतरवताना थप्पी घसरली आणि त्याची मांडी पार वरपर्यंत कापली गेली. सोबत्यांनी गमछे करकचून बांधले आणि जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या कुणी तरी दया येऊन दुखण्याची जबरदस्त सुई दिली, मग तो पुन्हा ओरडला म्हणून आणखी एक दिली. आमच्याकडे पोचला तेव्हा दुपार कलत होती. माणूस कागदासारखा पांढरा, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि श्वास इतका सावकाश की पुढचा येतो की नाही म्हणून आपला अडकावा. त्याची बायको गीता दाराबाहेर उभी होती. रडत नव्हती. त्याचा एक बूट हातात धरून उभी होती.

बाईंनी अंगठ्याला हात लावला. "हैं, अभी हैं." मग माझ्याकडे न बघता, "बर्फ आहे."

त्याचा रक्तगट दुर्मीळ निघाला. आमच्याकडे एकच पिशवी, बाकीच्या शहरातून यायच्या होत्या. श्वासासाठी उतारा लागणारच होता, त्यात वाद नव्हता. तिवारीनं अँप्यूल फोडून हातात धरलं होतं. "मैडम, पूरा दे दूँ? साँस भी आ जाएगी, बीपी भी."

बाईंनी ते त्याच्या हातातून घेतलं. मोठ्या सिरिंजमध्ये सलाईन घालून पातळ केलं आणि थेंबाथेंबानं देऊ लागल्या. डोळे संतोषच्या छातीवर. थोडं दिलं, थांबल्या. थोडं दिलं, थांबल्या. छाती भरून वर आली. मग पुन्हा. संतोष खोल श्वास घेऊ लागला आणि मशीनवर प्रेशरचा आकडा हलला. वर. सगळी खोली एकदम सैलावली. कुणी तरी "शाबास" म्हणालं. तो बहुधा मीच होतो.

सिरिंजमध्ये अजून पुष्कळ शिल्लक होतं, आणि बाई थांबल्या होत्या.

"मैडम, चढ़ रहा है! थोड़ा और!" तिवारी म्हणाला.

आणि मी, त्यांचा इतक्या वर्षांचा सोबती, मीही म्हणालो, "बाई, द्या ना. एवढ्या कमी प्रेशरवर मी त्याला टेबलावर कसा घेऊ? रक्त येईपर्यंत तरी टिकेल. हे तर तुमचंच औषध आहे."

बाई सिरिंज धरून उभ्या होत्या. अंगठा दांड्यावर होता. त्यांनी आकड्याकडे एकदा पाहिलं, आणि मी शपथेवर सांगतो, त्या पाहण्यात भूक होती. मग संतोषच्या बांधलेल्या मांडीकडे पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "श्वासापुरतं दिलं. बस झालं. आता आणखी दिलं तर हा खडबडून दुखण्यात जागा होईल, नसा ताणेल, आणि जे गमछ्याखाली कसंबसं थांबलंय ते सुटेल. आकडा मस्त येईल आणि माणूस जाईल." त्यांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि मशीनचं तोंड भिंतीकडे फिरवलं. "टाकी मी सांभाळते, सर्जनसाहेब. तुम्ही नळ बंद करा. असाच घ्या त्याला."

"या प्रेशरवर?"

"याच."

मी घेतला. आयुष्यात इतका घाबरून मी कधी चाकू धरला नाही. बाईंनी प्रेशर सांभाळून घेणारी भूल दिली, तीही चिमटीचिमटीनं. पडद्यापलीकडून एकसारखा त्यांचा आवाज येत होता, पण माझ्याशी नाही. बेशुद्ध संतोषशी. "बाहर गीता खड़ी है. जूता पकड़ के खड़ी है. एक जूते में घर कैसे जाओगे?" मी मांडीत हात घालून फाटलेली धमनी चिमट्यात पकडली. तेवढ्यात दार उघडलं आणि रक्ताच्या पिशव्या आल्या. त्यानंतरचं सगळं सोपं होतं. बऱ्याच वेळानं बाई आपल्या जागेवरून उठल्या, चादर वर करून त्याच्या पायाशी गेल्या आणि तिथेच स्टूल ओढून बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की पाय कोमट झालाय.

संतोष वाचला, पायासकट. थोडा लंगडतो. जड कामं सोडून त्यानं पंक्चर काढायचं दुकान टाकलं. मी त्या दिवसाची गोष्ट पुढे अनेकांना सांगितली, आणि प्रत्येक वेळी तिचं तात्पर्यही सांगितलं: मोठा माणूस तो, ज्याला आपली लाडकी कल्पना चुकली हे कळतं आणि जो ती सोडून देतो. हे तात्पर्य मला फार आवडायचं. विद्यार्थ्यांनाही आवडायचं.

बाई निवृत्त झाल्या, भोपाळच्याच अयोध्या नगरात बहिणीपाशी राहू लागल्या. दिसायला कमी लागलं, गुडघे गेले. तरी शहरात डॉक्टरांची रविवारची सभा असली की मला फोन यायचा, "येऊन राहिले न घ्यायला?" अशाच एका सभेत एक तरुण मुलगी बोलायला उभी राहिली. नुकतीच शिकून बाहेर पडलेली, आवाज जरा कापरा. विषय काय? रक्तस्रावात शरीराची स्वतःची अफू आणि तिला अडवण्याचे नवे मार्ग. मी चपापून बाईंकडे पाहिलं. त्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या होत्या.

मुलीनं प्रेशर चढल्याचे आलेख दाखवले. टाळ्या झाल्या. बाईंनी हात वर केला.

"बेटी, प्रेशर तो चढ़ा. घर कितने गए?"

मुलगी गोंधळली. "मैम, वो... वो अभी देखा नहीं है."

मला वाटलं, आता बाई तिची सालटी काढणार. कुणाची काढायला सुरुवात केली की त्या मध्ये थांबत नसत. पण त्या काठी टेकत उठल्या, व्यासपीठापर्यंत गेल्या आणि तिच्या हातातलं पेन घेऊन तिच्या तळव्यावर आपला फोन नंबर लिहिला. "देखो. अच्छे से देखो. पहले वही देखो. और जो भी निकले, मुझे बताना."

सभा संपल्यावर मी त्यांना घरी सोडायला निघालो. त्यांच्या फाटकाशी गाडी थांबवल्यावर मी म्हणालो, "बाई, उगाच आशा दाखवलीत तिला. तो रस्ता पुढे बंद आहे हे सांगून टाकायचं होतं."

"कोणी सांगितलं बंद आहे?"

"तुम्हीच. संतोषच्या वेळी."

"मी कधी सांगितलं?" त्या दाराच्या मुठीवर हात ठेवून थांबल्या. "मी फक्त नाही म्हटलं. मला तर आजही वाटते, त्यात काही तरी आहे. त्या दिवशी तर फारच वाटत होतं. आकडा चढताना दिसला न मला. सगळी जवानी डोळ्यांसमोर आली माझ्या. वाटलं, दाबावं. एकदा पाहून घ्यावं."

"मग?"

"मग काय?" त्यांना माझ्या प्रश्नाचं खरोखरच नवल वाटलं. "मला वाटते म्हणून त्याच्यावर पाहायचं का? त्याची बायको उभी होती न बाहेर."

इतकी वर्षं मी लोकांना सांगत होतो की या बाईनं चुकलेली कल्पना सोडून दिली. ते सोपं असतं. चुकलेलं काय, कुणीही सोडतो. बाईंनी त्या दुपारी जे ट्रेमध्ये ठेवलं होतं ते त्यांच्या मते खरं होतं.

त्या उतरल्या. फाटकाची कडी त्यांना दिसेना, म्हणून मी उतरू लागलो, तर हातानंच मला बसायला सांगितलं. चाचपत चाचपत कडी सापडली. आत शिरून फाटक लावताना त्यांनी विचारलं, "पोरगी हुशार वाटली न तुम्हाला?"

"फार हुशार वाटली."

"मग पाहील ती," बाई म्हणाल्या, आणि भिंतीला धरून घरात गेल्या. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. त्यांचा फोन आता त्यांच्या बहिणीकडे असतो. तो बंद करायचा नाही, असं त्या बजावून गेल्या आहेत.